एकतीस नंबरचा बिल्ला

१

हत्यारं मोजल्याशिवाय पंढरीनाथने कधी शटर ओढलं नाही. कोणी मेलं तरी आधी हत्यारं मोजायची, मग मयताला जायचं.

कामतघर वस्तीत लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्यांच्या रांगेत त्याचं वर्कशॉप होतं. एक लेथ, एक ड्रिल मशीन आणि वाईस बसवलेलं जाड लाकडाचं टेबल. लूमचे झिजलेले शाफ्ट भरून कातून द्यायचे, हा धंदा. फौजेत बावीस वर्षं फिटर म्हणून काढली आणि हवालदार होऊन तो बाहेर पडला. पेन्शन सुरू झाली, पण हात स्वस्थ बसेना.

मागच्या भिंतीवर फळा होता. त्यावर प्रत्येक हत्याराची आकृती तांबड्या रंगाने काढलेली. पाना खिळ्यावर असला की तांबडं दिसत नाही. काढला की लगेच उघडं पडतं. एकूण बासष्ट हत्यारं. हत्यार काढलं की त्याच्या खिळ्यावर आपल्या नंबरचा पितळी बिल्ला अडकवायचा, ही फौजेतली रीत. तिथे प्रत्येक फिटरला असे सहा बिल्ले मिळत. बिल्ला लटकतोय याचा अर्थ एकच. माणूस कामावर आहे आणि हत्यार त्याच्या हातात आहे.

पंढरीनाथचा नंबर नऊ. इथे वर्कशॉपात तो एकटाच राबे. तरी त्याने पितळेच्या पत्र्यातून सहा बिल्ले कापले होते, आणि स्वतःच्याच भिंतीवरचं हत्यार काढताना तो बिल्ला लावी. शेजारच्या कारखान्यातला, लूम चालत्या ठेवणारा जॉबर या मोजणीला जपमाळ म्हणून चिडवायचा, "फौजी चाचा, पाना गिनते हो या तसबीह फेरते हो?"

"तुम अपना धागा गिनो," पंढरीनाथ म्हणे.

फौजेतली दुसरीही एक रीत त्याने सोडली नव्हती. दुरुस्त केलेली गाडी पहिल्यांदा बाहेर निघते तेव्हा दुरुस्त करणारा फिटर ड्रायव्हरशेजारी बसतो. ज्याने नट आवळले, त्याने आपली मान त्या गाडीत ठेवायची.

ही गोष्ट २००६ सालच्या एप्रिलची. जयंतीच्या निळ्या पताका गल्लीत अजून लटकत होत्या. पंढरीनाथचा मुलगा सुमित टेम्पो चालवत असे, दापोड्याच्या गोडाऊनवरून माल उचलत असे. त्या आठवड्यात टेम्पोचं ब्रेकचं काम निघालं. वर्कशॉपसमोरच्या पत्र्याखाली गाडी ठोकळ्यांवर चढवली.

बुधवारी दुपारी एक वाजता लाइट गेली. रोजचंच लोडशेडिंग, एक ते चार. सगळ्या लूम एका दमात थांबल्या. कामतघरात ही शांतता कानात बोट घातल्यासारखी वाटते. पंढरीनाथ सतराचा रिंग पाना घ्यायला फळ्याकडे वळला.

पाना नव्हता. खिळ्यावर बिल्ला होता.

आपणच काढला असेल, त्याला वाटलं. वय झालं. त्याने टेबलावरचा डबा उघडला. त्यात त्याचे सहाच्या सहा बिल्ले होते.

त्याने खिळ्यावरचा बिल्ला काढून उजेडात धरला. जाड पितळ, काठ घासून गुळगुळीत झालेले, भोक एका बाजूने ओढलं गेलेलं. फौजेतला बिल्ला. त्यावर नंबर होता एकतीस.

२

एकतीस नंबर बाळारामचा होता. बाळाराम अंजूरचा. दोघं एकाच तालुक्यातले, दोघांची भरती एकाच साली, पहाडातल्या वर्कशॉपात दोघांच्या खाटा शेजारीशेजारी. बाळारामला जाऊन सत्तावीस वर्षं झाली होती.

संध्याकाळी सुमित आला तेव्हा पंढरीनाथने बिल्ला त्याच्यासमोर धरला.

"हा कुठून आणलास?"

"काय आहे हे? कुत्र्याचा बिल्ला?"

"सुमित!"

"बाबा, शपथ, मी आज हात पण नाही लावला तुमच्या फळ्याला. आईला विचारा, दिवसभर तिकडे दापोड्यालाच होतो." सुमितने टेम्पोच्या चाकाला पायाने हलकेच ठोकरलं. "हिचं कुठवर आलं?"

"सतराचा पाना सापडत नाही."

"मग बाजूवाल्या जॉबरकडून मागून घ्या."

"काम होत आलंय. पाना कुठे आहे ते कळेपर्यंत गाडी हलणार नाही."

सुमित त्याच्याकडे बघत राहिला. "एका पान्यासाठी?"

"गाडीत राहिला असला तर? ब्रेकच्या दांड्यात अडकला तर? उतारावर पाय दाबशील आणि पायाखाली काही नसेल."

"तुमचं डोकं अजून परेडवरच आहे, बाबा. शनिवारी साडेचारला मला गोडाऊनवर गाडी लावायचीये. नाय लावली, तर वर्षाचं काम दुसऱ्याला जाईल. शेठने तोंडावर सांगितलंय."

"शनिवारच्या आत सापडेल."

"आणि नाय सापडला तर?"

 पंढरीनाथने टॉर्च घेतला आणि तो टेम्पोखाली आडवा झाला.

३

गुरुवारी सकाळी त्याने चारही चाकं उतरवली. ब्रेकचे ड्रम काढले, लायनर काढले, दांड्याची एकेक पिन मोकळी केली. पाना नव्हता. वर्कशॉप झाडून काढलं. लेथखालचा लोखंडाचा कीस चाळणीने चाळला. पाना नव्हता. त्याने सगळं परत बसवलं. जॉबरकडून उसना पाना आणून नट आवळले आणि पाना लगेच परत करून आला.

लाइट गेल्यावर तो स्टुलावर बसला. लूम थांबल्या होत्या. कुठेतरी बाई तांदूळ पाखडत होती. मग तेही थांबलं.

तेव्हा टेम्पोखालून आवाज आला.

कर्र. कर्र. नट आवळल्याचा आवाज. सवयीचा हात होता. दर वळणाला जेवढा जोर हवा तेवढाच, जास्त नाही. मग जरा थांबून लोखंडावर लोखंड हलकेच दोनदा वाजलं. टक्, टक्.

पंढरीनाथ स्टुलावरून उठला नाही. नट पुरता बसला की पान्याने त्याला दोन टिचक्या मारायच्या, ही एका माणसाची सवय होती. वर्कशॉपात चाळीस फिटर होते, पण दोन टिचक्या त्या एकाच्या.

घूस असेल, त्याने स्वतःला सांगितलं. तापलेला पत्रा वाजतो. रिकाम्या पोटी कान वाजतात. बावीस वर्षं त्याने कारणाशिवाय कुठला आवाज मानला नव्हता. गाडीचा आवाज आला की आधी कारण शोधायचं, मग घाबरायचं.

तो खाली वाकला. टेम्पोखाली कोणी नव्हतं. उघड्या गटाराचा वास होता आणि त्यात ताज्या रंगाचा.

त्याने टॉर्च मारला. ब्रेकच्या दांड्यावरच्या नटापासून खालच्या पट्टीपर्यंत पिवळ्या रंगाची बारीक रेघ ओढलेली होती. आवळलेला नट पुढे ढिला झाला तर रेघ तुटलेली दिसावी, म्हणून फिटर अशी खूण करतात. पंढरीनाथही करायचा, पण तांबड्याने. पिवळा रंग त्याच्या वर्कशॉपात नव्हताच.

त्याने रेघेवर बोट टेकवलं. बोटाला रंग लागला.

४

शुक्रवारी त्याने गाडी पुन्हा उघडली. ब्रेक, क्लच, स्टिअरिंग, सगळं. शांताबाई जेवणाचा डबा घेऊन आली, तर नवरा तेलाने माखलेला आणि डोळे लाल.

"अवो, कालच बसवलंत ना हे?"

"कालच्याचं काल."

"पोरगा रात्री जेवला नाही. तुम्हाला टेम्पो द्यायचा नसेल तर तसं सांगा एकदाचं."

"मला पोरगा घालवायचा नाही," तो ओरडला. शांताबाईने डबा टेबलावर ठेवला आणि ती गेली. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. कोणालाच नव्हतं.

सुमित झाल्याची तार एकोणऐंशी साली आली होती. सुटी मंजूर झाली होती आणि सकाळची गाडी पकडायची होती. आदल्या संध्याकाळी हत्यारांची मोजणी झाली, तर पंढरीनाथच्या नावावरचा सतराचा रिंग पाना कमी. फळ्यावर त्याचा बिल्ला लटकत होता आणि हातात पाना नव्हता. त्या दिवशी त्याने एकाच गाडीवर काम केलं होतं. तीन टनी ट्रक, ब्रेकचं काम. पाना सापडेपर्यंत ना सुटी, ना गाडी बाहेर. सबंध ट्रक उघडून बघावा लागला असता, म्हणजे दोन दिवस.

स्टोअरच्या मागे भंगारात तसाच एक पाना पडला होता. पंढरीनाथने त्याच्यावरचा जुना नंबर कानशीने घासून काढला आणि हरवलेल्या पान्याचा नंबर पंच केला, बेचाळीस. घाईत दोनाचा आकडा तिरका पडला. त्याने तो खिळ्यावर अडकवून आपला बिल्ला उतरवला. मोजणी पुरी झाली.

सकाळी ट्रकची ट्रायल होती. काम त्याचं, म्हणून गाडीत बसायची पाळी पंढरीनाथची.

"जा रे तू, पोराचं तोंड बघ," बाळाराम म्हणाला होता. "मी बसतो गाडीत. तुझं काम म्हणजे काय बघायला नको."

ट्रक तिसऱ्या वळणावर दरीत गेला. खाली नदी होती. ड्रायव्हरचं प्रेत मिळालं. बाळाराम मिळाला नाही. ट्रक वर काढता आला नाही, म्हणून त्यात काय होतं ते कोणी पाहिलं नाही. चौकशीत ड्रायव्हरची चूक निघाली. पंढरीनाथ तेव्हा कामतघरात पोराला मांडीवर घेऊन बसला होता.

पाना ट्रकमध्ये होता असं सांगता येत नाही. नव्हता असंही सांगता येत नाही. सत्तावीस वर्षं तो या दोन वाक्यांच्या मधे उभा होता. बाळाराम गेला तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. सुमितला आता सत्तावीस पुरी झाली होती.

लाइट गेली. लूम थांबल्या. टेम्पोखाली कर्र, कर्र सुरू झालं. या वेळी पंढरीनाथने वाकून बघितलं नाही. त्याने शटरला पाठ लावली आणि हात जोडले.

"बाळाराम," तो म्हणाला, "पोराला सोड. त्याचं काय आहे यात?"

आवाज थांबला. बराच वेळ काही झालं नाही. मग टक्, टक्.

५

शुक्रवारी रात्रीपर्यंत त्याने गाडी परत बसवली आणि शनिवारी दुपारी तो रिक्षाने अंजूरला गेला. बिल्ला खिशात होता. आज सांगून टाकायचं, त्याने ठरवलं होतं. जिला सांगायचं, ती बाळारामची बायको राहीबाई. ती ओट्यावर सुकट निवडत बसली होती. समोरच्या शेतात भराव टाकून गोडाऊनचे खांब उभे केले होते. त्याच्यामागे खाडी दिसत होती.

तिने त्याला लगेच ओळखलं. नवऱ्याच्या वस्तूंची ट्रंक फौजेने त्याच्याच हाती पाठवली होती. त्यानंतर तो या घरी आला नव्हता.

"या, भाऊ. वाट चुकलाव का?" ती म्हणाली. "पानी देव?"

"नको. बसतो जरा."

तो बसला. काही सुचेना म्हणून त्याने घर बघितलं. नवं स्लॅबचं घर होतं, पण दार जुनं, लाकडी. दाराच्या मधल्या फळीवर, हाताच्या उंचीवर, एका जागचा रंग झिजून लाकूड उघडं पडलं होतं. रुपयाएवढा गोल डाग.

राहीबाईने त्याची नजर पाहिली.

"तेची सवय," ती म्हणाली. "सुटीवर आला का दारावर दोनदा टिचकी मारायचा. हाक न्हाय, काय न्हाय. दोन टिचक्या."

"एवढ्याने दार झिजत नाही, वहिनी."

"न्हाय झिजत." ती सुकटीतला कचरा वेचत राहिली. "सत्तावीस वरसां झाली, रोज दुपारी वाजते. लोकां बोलतात, वारा हाय. घर पारला, नवा बांधला, तरी दार मी हाच ठेवला. वाजला का उठते, उघडते. कोन नसते. परत बसते."

पंढरीनाथने दारावरच्या त्या डागाकडे पुन्हा पाहिलं.

"बुधवारपासून बंद झाला," ती म्हणाली. मग तिने मान वर केली. "तुमच्याकडं आलाय का?"

 खिशात त्याच्या बोटांना बिल्ल्याचं ओढलं गेलेलं भोक लागत होतं.

"एक विचारू, भाऊ? त्या दिसाची पाळी कोनाची व्हती? तेने आदल्या हप्त्याच्या कागदात लिवलेला, आता धा दिस माझी पाळी न्हाय, निवांत हाय. मग तो गाडीत कनाला बसला?"

हाच तो क्षण होता. एवढ्यासाठी तो आला होता. जिभेवर शब्द आला होता. पण समोर एक बाई होती, तिच्या डोळ्यांत डोळे घालायचे होते, आणि पंढरीनाथ आयुष्यात कोणासमोर खाली मान घालून उभा राहिला नव्हता. हवालदार होता तो. त्याचं काम म्हणजे काय बघायला नको.

"पाळी बदलली होती," तो म्हणाला. "त्याचीच होती."

राहीबाईने सुकटीतला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"बरा झाला सांगितलाव," ती शेवटी म्हणाली. "म्हंजे तेचा काम तेने केला. मना उगाच वाटायचा."

तो उठला. बिल्ला त्याने दाखवलाच नाही. रिक्षात बसल्यावर त्याने खिसा चाचपला. खिसा रिकामा होता.

६

वर्कशॉपला पोचला तेव्हा पावणेचार वाजून गेले होते. लाइट नव्हती. सुमितने टेम्पो ठोकळ्यांवरून उतरवला होता आणि तो दारात उभा होता.

"बाबा, तुमचा पाना!"

फळ्यावर सतराचा रिंग पाना आपल्या जागी होता. बिल्ला नव्हता. तांबडा रंग कुठेच उघडा नव्हता.

"तू ठेवलास?"

"मी आत्ता आलो, तर होताच की तिथे. होता तिथेच असणार चार दिवस. तुम्हाला दिसला नसेल." सुमित हसत होता. चार दिवसांत पहिल्यांदा. "आता तरी सोडता का गाडी? चाळीस मिनिटं राहिलीत."

 पंढरीनाथ टेबलाला टेकून उभा राहिला. मिटलं, त्याला वाटलं. बाळारामला तेवढंच हवं असेल. राहीबाईकडे जाऊन यावं, तिची विचारपूस करावी. गेलो ना मी.

"बसा, चला," सुमितने चावी फिरवली. "तुमची ट्रायल."

पंढरीनाथ दोन पावलं पुढे आला. मग त्याने फळ्याकडे पाहिलं. दिवसाची मोजणी व्हायची होती. बासष्ट पुरी झाली हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्याला बरं वाटणार नव्हतं.

"तू हो पुढे," तो म्हणाला. "सावकाश चालव. मी मोजून घेतो."

"नक्की?" सुमितला नवल वाटलं. बापाने पहिल्या फेरीला गाडी एकटी कधी सोडली नव्हती.

"जा म्हटलं ना."

टेम्पो सुरू झाला आणि गल्लीला लागला. पंढरीनाथ फळ्यासमोर उभा राहून मोजू लागला. प्रत्येकाला बोट लावून मोजायचं, ही त्याची पद्धत. हातोडे, कानशी, पकडी. मग पाने, लहानापासून मोठ्यापर्यंत. सतराच्या पान्याला बोट लागलं आणि थांबलं.

दांडीवर खळगा होता. कोणीतरी कानशीने घासलेला.

त्याने पाना उतरवला आणि दाराच्या उजेडात नेला. खळग्यात नंबर पंच केलेला होता. बेचाळीस. दोनाचा आकडा तिरका.

हा त्याच्या फळ्यावरचा पाना नव्हता. हा त्याने सत्तावीस वर्षांपूर्वी एका संध्याकाळी, घाईत, स्वतःच्या हाताने केलेला खोटा पाना होता. खरा अजून बाहेरच होता.

पंढरीनाथ पळाला. वय पंचावन्न, पायात चप्पल नाही, हातात पाना. पताकांखालून तो पळत होता. लोक ओट्यांवर उठून उभे राहिले. "चाचा, क्या हुआ?" जॉबर ओरडला. सबंध कामतघर शांत होतं, एकही लूम चालत नव्हती, आणि त्या शांततेत पुढे जाणाऱ्या टेम्पोचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. इंजिनाच्या आवाजाखाली आणखी एक आवाज होता. लोखंडात सुटं लोखंड. खडखड, खडखड.

गल्लीच्या तोंडाशी टेम्पो हळू झाला. पुढे मोठा रस्ता, मग पुलाचा चढ आणि उतार. सुमितने उजवीकडे पाहिलं. त्याचं डोकं पंढरीनाथला मागच्या काचेतून दिसलं.

त्याच्या शेजारी दुसरं डोकं होतं. बारीक कापलेले केस. मानेपर्यंत ओले.

डाव्या खिडकीतून एक हात बाहेर आला. फौजी हिरवी बाही कोपरापर्यंत दुमडलेली, आणि बाहीतून पाणी ठिबकत होतं. गाडी ठीक आहे, चल, असं फिटर ड्रायव्हरला सांगतो, तसा तो हात दाराच्या पत्र्यावर दोनदा वाजला.

टक्, टक्.

"बाळाराम!" पंढरीनाथने छाती फुटेल असा आवाज काढला. "पाळी माझी होती! ऐकतोस का? माझी होती पाळी! माझी—"

चार वाजले. लाइट आली. कामतघरातल्या सगळ्या लूम एका दमात सुरू झाल्या. पंढरीनाथ रस्त्याच्या मधोमध उभा राहून ओरडत होता, त्याचं तोंड उघडत होतं, मिटत होतं. टेम्पो पुलाकडे वळला. पंढरीनाथ काय म्हणत होता ते त्याचं त्यालाही ऐकू आलं नाही.